चालत्या गाडीतून रस्त्यावर उजेडाची रांगोळी पाडायची आहे, पण कडा पुसट होतात

संगमकाठ

नमस्कार मंडळी. मी कराडचा. आमच्या गल्लीतलं मंडळ लहान, देखावा दरवर्षी जेमतेम, पण विसर्जनाची मिरवणूक मात्र मनापासून काढतो. दत्त चौक, चावडी चौक आणि तिथून कृष्णा घाट. यंदा डीजे नाही असं ठरलंय. वर्गणीचा हिशोब आणि गल्लीतल्या आजी-आजोबांचा रक्तदाब, दोन्ही कारणं आहेत. त्याऐवजी ढोलपथक आणि बाप्पाची गाडी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत रस्त्यावर उजेडाची रांगोळी पाडायची. गाडी सरकेल तशी रांगोळीही पुढे सरकणार. कल्पना मंडळातल्या मुलींची. त्या दरवर्षी खरी रांगोळी काढतात आणि पहिल्याच आवर्तनात ती ढोलवाल्यांच्या पायांना लागून जाते.

सामान असं: ८० वॉटचा एलईडी गोबो प्रोजेक्टर, काचेचा गोबो (म्हणजे नक्षी छापलेली चकती, तिच्यातून उजेड जाऊन चित्र पडतं), त्यावरचं चित्र २५ मिमी व्यासाचं. लेन्सवर ८५ मिमी लिहिलंय, पुढची काच ४० मिमीच्या आसपास. गाडी म्हणजे छोटा हत्ती. केबिनवरच्या कॅरिअरच्या पुढच्या नळीला पकड लावून दिवा बसवलाय. लेन्स जमिनीपासून २ मीटर उंच, आणि खाली साधारण ३५ अंश झुकवलेली. चित्र लेन्सच्या पुढे दोन मीटरपासून चार मीटरपर्यंत पडतं.

अडचण अशी की मधला भाग स्वच्छ दिसतो, पण लांबच्या टोकाची नक्षी विरघळल्यासारखी. लांबचं टोक साफ केलं की जवळचं बिघडतं. गोल रांगोळी अंड्यासारखी दिसते, लांबच्या बाजूला फुगलेली. हे गाडी बंद असताना. इंजिन चालू केलं की सगळंच धुरकट, आणि गाडी चालली की विचारूच नका.

विकणारा म्हणतो भारी लेन्स घ्या. मंडळातला एक जण म्हणतो हॉलमधला व्हिडिओ प्रोजेक्टर लावू, त्यात कीस्टोनचं बटण आहे, सगळं सरळ होतं. पैसे एकदाच खर्च होणार आहेत, म्हणून आधी इथे विचारतोय.

अजून एक हौस आहे. रांगोळीच्या पुढे मूषकाची पावलं उमटत जावीत, आणि ती गाडीबरोबर न सरकता रस्त्यावर जागच्या जागी राहावीत, गाडी त्यांच्यावरून पुढे जावी. हे होतं का?

झगमग_लाइट्स

दादा, लेझर लावा. लेझरला फोकस लागत नाही. एक मीटरवर टाका नाहीतर शंभर मीटरवर, रेघ ती रेघ. आमच्याकडे भाड्याने मिळतो.

दिवेलागण

झगमग दादा, लेझरचा किरण मुळातच बारीक असतो, त्यामुळे तो जवळ-लांब सगळीकडे सारखाच दिसतो, हे बरोबर. लंडनच्या भाड्याच्या सायकलींवर पुढे रस्त्यावर हिरव्या सायकलीचं चिन्ह पाडणारे दिवे लागले ते याच गुणामुळे. पण तो दिवा खाली वाकवून पक्का बसवलेला असतो आणि त्याची ताकद मापात असते. मिरवणुकीतल्या लेझरने डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे २०२३ मध्ये सगळ्यांनी वाचल्यात, आणि त्यानंतर ठिकठिकाणी पोलिसांनी बंदीचे आदेश काढलेत. पुढे ढोलपथक, खांद्यावर पोरं घेतलेली माणसं, आणि खड्ड्यात गाडीने मान वर केली की किरण थेट त्यांच्या तोंडावर. नको.

आता संगमकाठ, तुमच्याबद्दल. मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गाड्यांचे दिवे तपासायचं काम करते. रस्त्यावर उजेड कुठे पडतो आणि कुठे पडायला नको, यावरच आमचा पगार निघतो. तुम्ही मापं दिलीत म्हणून बरं वाटलं. बहुतेक लोक नुसतं "ब्लर येतंय" लिहून गायब होतात.

तुमच्याकडे तीन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही तिघांनाही फोकसची कडी फिरवून औषध देताय. इंजिन बंद असताना जे बिघडलेलं दिसतं ते फोकस आणि आकार. इंजिन चालू, गाडी उभी, तेव्हा जी भर पडते ती इंजिनाची थरथर. गाडी चालल्यावर जी वाढते ती रस्ता आणि ब्रेक. या क्रमाने एकेक वेगळं बघा.

आधी फोकस. लेन्सपासून चित्राच्या मध्यापर्यंतचं तिरकं अंतर ३.५ मीटर येतं. जवळच्या टोकापर्यंत २.९, लांबच्या टोकापर्यंत जवळजवळ ४.५. तुम्ही ३.५ ला फोकस केलात तर ४.५ वर प्रत्येक ठिपक्याची टिकली होते. तिचा आकार काढायला फार गणित लागत नाही: लेन्सचं तोंड ४० मिमी, अंतरातला फरक फोकसच्या अंतराच्या पाव हिश्शाहून थोडा जास्त, म्हणजे टिकली ११ मिमीची. आणि उजेड तिथे जमिनीवर तिरका पडत असल्यामुळे ती लांबीला ताणली जाऊन अडीच सेंटीमीटर होते. रांगोळीची रेघ बोटभर जाडीची असेल तर ती तिथे मरणारच. भारी लेन्स घेतलीत तरी मरेल, कारण हा लेन्सचा दोष नाही. उलट भारी लेन्सचं तोंड मोठं असेल तर टिकली अजून मोठी. तोंडावर काळ्या पत्र्याची चकती लावून भोक २० मिमीचं केलं तर टिकली निम्मी होते, पण उजेड चौथा हिस्साच उरतो.

याहून चांगला उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. थिओडोर शाइम्फ्लुग नावाचा ऑस्ट्रियाच्या सैन्यातला एक अधिकारी होता. फुग्यातून जमिनीचे तिरके फोटो काढून त्यांचे सरळ नकाशे कसे करायचे, या खटपटीत तो होता. त्याच्या १९०४ च्या पेटंटमधला नियम असा: चित्राची काच, लेन्स आणि जमीन, तिघांची प्रतलं वाढवली आणि ती एकाच रेषेत मिळाली, तर सगळी जमीन एकदम फोकसमध्ये येते. आधी त्याच दिशेने काम केलेल्या ज्यूल कार्पाँतिए या फ्रेंच माणसाचं श्रेय त्याने स्वतःच दिलेलं आहे. तुमच्या बाबतीत अर्थ इतकाच की गोबोची काच लेन्सला समांतर न ठेवता किंचित तिरकी बसवायची. किती? तुमच्या मापांना सुमारे २ अंश. २५ मिमीच्या चित्रावर हा फरक जेमतेम १ मिमी होतो! म्हणजे एका कडेखाली १ मिमीचा पितळी वॉशर. पुठ्ठा नको, आत तापतं.

कोणती कड ते नीट वाचा, कारण उलटं केलंत तर आहे त्याच्या दुप्पट बिघडेल. लेन्स चित्र उलटं करते, म्हणून काचेचा खालचा भाग रस्त्यावर लांब पडतो. लांब पडणारा भाग लेन्सच्या जवळ यायला हवा. म्हणजे काचेची खालची कड लेन्सकडे.

कीस्टोनचं बटण यातलं काहीही करत नाही. ते फक्त आकार सरळ करतं, फोकसला हात लावत नाही. आकारासाठी तुम्हाला बटणाची गरजही नाही, त्याहून सोपी युक्ती आहे. मुलींना सांगा, ज्या जागी चित्र पडतं तिथेच खऱ्या रांगोळीने नक्षी काढा, अगदी गोल. मग प्रोजेक्टर काढून लेन्सच्याच जागी, त्याच कलाने मोबाइल धरा आणि फोटो घ्या. फोटोत रांगोळी दबलेली दिसेल, लांबची बाजू अरुंद. तोच फोटो गोबो करणाऱ्याला द्या. उजेड ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत गेला की जमिनीवर पुन्हा गोल. डावं-उजवं उलटत नाही ना, एवढं एक अक्षर घालून तपासा.

पण हे सगळं करून गाडी सुरू केल्यावर तुम्ही मला शिव्या द्याल, कारण तिसरा आजार सगळ्यांत मोठा आहे. समजा दिवा नुसता पाव अंश मान हलवतो. जवळच्या टोकाला चित्र १८ मिमी सरकतं, लांबच्या टोकाला ४४ मिमी. फोकसच्या टिकलीपेक्षा हे कितीतरी जास्त. तिरक्या अंतराचा वर्ग भागिले उंची, हा हिशोब आहे. अंतर वर्गाने वाढतं म्हणून लांबचं टोक असं वेड्यासारखं नाचतं. याच कारणाने गाड्यांच्या दारातून पायाशी पडणारा लोगो स्वच्छ दिसतो. तो हातभर उंचीवरून जवळजवळ सरळ खाली पडतो, आणि त्या वेळी गाडी उभी असते.

म्हणून माझा मुख्य सल्ला: लेन्सवर खर्च करायचाच असेल तर भारी नको, आखूड घ्या. दिवा २.६ मीटरवर चढवा, ६० अंश खाली झुकवा आणि ८५ च्या जागी ५० मिमी लेन्स लावा. चित्र साधारण पावणेदोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद पडेल. त्याच पाव अंशाला लांबचं टोक ४४ ऐवजी २२ मिमी हलेल. फोकसमधला फरकही इतका कमी होतो की वॉशरची गरज उरत नाही. तोटा एकच, चित्र गाडीच्या अगदी पुढ्यात येतं, म्हणून लेन्स केबिनच्या थोडी पुढे काढावी लागेल. आणि पुढे काढलेली नळी जितकी लांब तितकी ती डोलणार. हातभर पुरे.

तंबूतला_ऑपरेटर

ताईंनी गणित छान मांडलंय. मी शिकलेला नाही फार, पण हयात मशीनवर गेली. टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर होतो. पुसेगाव, पाल, म्हसवड, जिथे यात्रा तिथे आमचा तंबू. आमचं मशीन ट्रकच्या हौद्यातच बसवलेलं असायचं. ट्रक तंबूच्या मागच्या बाजूला लावायचा, आणि पडदा समोर लांब. ट्रक उभा असला तरी हौद्यात कोणी चढलं की पडद्यावर हिरो उडी मारायचा. म्हणून शो चालू असताना मालक आला तरी वर घ्यायचो नाही.

जनरेटर कधीही ट्रकवर ठेवला नाही, केबल लागली तरी चालेल पण तो लांब जमिनीवर. तुम्ही मिरवणुकीत जनरेटर कुठे ठेवताय ते लिहिलं नाही. त्याच गाडीत ठेवला असेल तर निम्मं दुखणं तिथेच आहे. ८० वॉटच्या दिव्याला जनरेटर कशाला? एक बॅटरी आणि इन्व्हर्टर, काम झालं.

आता पकड. तुम्ही नळीला क्लँप मारलाय म्हणजे दिवा एका बिंदूवर टांगलाय. तो मान हलवणारच. तीन नाहीतर चार पाय द्या, पसरून. आणि वजन वाढवा. शहाबादी फरशीचा तुकडा घ्या, दीड-दोन फुटांचा, त्याला दिवा पक्का बांधा. फरशीखाली स्कूटरच्या दोन ट्यूबा, अर्ध्या हवेच्या. जड वस्तू मऊ गादीवर असली की इंजिनाची बारीक थरथर वर चढत नाही. फरशी दोरीने बांधा पण ताणून नाही, नाहीतर ट्यूबा घालून काय उपयोग. सुटून खाली येऊ नये इतपतच. आणि सगळ्याला एक साखळी जास्तीची. खाली माणसं आहेत.

फोकस डांबरावर बघू नका. पांढरा पुठ्ठा किंवा सनमायका रस्त्यावर आडवा टाका, आधी जवळ, मग मध्ये, मग लांब. डांबराच्या खडीवर रेघ नीट आहे की नाही ते कळत नाही, माणूस कडी फिरवत बसतो. फुलापानांच्या नक्षीवर तर अजिबात कळत नाही. जाळीची काच करून घ्या, उभ्या-आडव्या रेघा. आडव्या साफ आणि उभ्या पुसट, असं दिसलं तर दिवा कुठे हलतोय तेही समजतं.

दिवेलागण

काका, फरशी आणि ट्यूबा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या महागड्या टेबलाचा गावठी भाऊ आहे. त्यात दोन आकडे घालते, म्हणजे हवा किती ठेवायची ते कळेल.

त्या गाडीचं इंजिन दोन सिलिंडरचं असेल आणि उभं असताना मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १५ ठोके बसतात. फरशी ठेवल्यावर ट्यूबा १० मिमी दबल्या, तर ती गादी सेकंदाला ५ वेळा झुलणारी झाली. मग १५ ठोक्यांपैकी वर पोचतो तो आठवा हिस्सा. ट्यूबा दबल्याच नाहीत, टणक राहिल्या, तर काहीच फायदा नाही. आणि बरोबर १५ च्या आसपास झुलणारी गादी जमली तर थरथर उलट वाढेल. बाजारात मिळणारे छोटे कडक रबरी बुश लावून "रबर लावलं तरी फरक नाही" म्हणणारे लोक इथेच फसतात.

आणि एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. दिवा एक मिलिमीटर सरळ वर-खाली झाला तर चित्रही त्याच मापाने हलतं, कोणाला दिसणारही नाही. घात होतो तो मान हलण्याने. तेव्हा दिव्याला उड्या मारू द्या, मान हलवू देऊ नका. त्यासाठी दिवा फरशीच्या वर उंच उभा करायचा नाही. फरशी आणि दिवा मिळून जिथे तोल येतो, त्याच पातळीवर ट्यूबांचा आधार असला पाहिजे, आणि ट्यूबा एकमेकींपासून शक्य तितक्या लांब. दिवा फरशीच्या पोटाला टांगला तर हे आपोआप साधतं.

दिवा आडवा ठेवून पुढे आरसा लावायचा मोह होईल, जागा वाचते म्हणून. आरसा एक अंश हलला तर किरण दोन अंश हलतो, त्यामुळे नको. शिवाय घरातल्या आरशाला पारा मागून असतो, पुढच्या काचेचंही एक फिकट चित्र पडतं आणि प्रत्येक रेघेला सावली येते.

नेकारकाठचा_पुणेकर

श्टुटगार्टहून लिहितोय. इथल्या मर्सिडीजच्या नव्या गाड्यांचे हेडलाइट रस्त्यावर चिन्हं पाडतात. रस्त्याचं काम चालू असलेल्या अरुंद लेनमध्ये गाडीच्या रुंदीचे दोन पट्टे पुढे पडलेले मी स्वतः पाहिलेत, आणि ते चांगल्या वेगात असतानाही ठीक दिसतात. तेच तंत्र छोट्या प्रमाणात वापरता येणार नाही का? जर्मनीतून काही पाठवता येत असेल तर सांगा, दिवाळीला येतोच आहे.

दिवेलागण

दिवाळीपर्यंत यांचे बाप्पा गावाला पोचलेले असतील.

ते दिवे मला फार आवडतात. २०२० च्या एस क्लासच्या अशा प्रत्येक दिव्यात १३ लाख सूक्ष्म आरसे असलेली चिप आली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये बनवलेल्या चिपची ही नात; हॉलमधल्या बऱ्याच प्रोजेक्टरांतही तिचीच भावंडं असतात. पण तुम्ही पाहिलंत ते नीट आठवा: पट्टे होते, नक्षी नव्हती. हेडलाइट जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर. २० मीटर पुढे काही पाडायचं तर मघाचाच हिशोब लावा, अंतराचा वर्ग भागिले उंची. दिव्याने एक दशांश अंश मान हलवली की चिन्ह मीटरभर पुढे-मागे! म्हणून तिथे गाडीच्या दिशेने लांब जाणारे पट्टे पाडणं शहाणपणाचं. पट्टा मीटरभर पुढे सरकला तरी पट्टाच दिसतो. आडवी रेघ पाडली असती तर ती थयथय नाचली असती.

यातून संगमकाठ यांना घेण्यासारखं एक आहे. नक्षीतल्या आडव्या रेघा जाड ठेवा, गाडीच्या दिशेने जाणाऱ्या रेघा बारीक चालतील. हादरा बहुतेक पुढे-मागेच असतो. दोन सेंटीमीटरपेक्षा बारीक असं काहीच नको, कारण डांबराची खडीच सेंटीमीटरची. आणि ठिपक्यांची रांगोळी टाळा, मोठ्या पाकळ्या घ्या.

जर्मनीतून आणायचंच असेल तर दुसरी एक चीज आहे. बीएमडब्ल्यूच्या २०१५ च्या ७ सीरिजमध्ये दाराशी उजेडाचा गालिचा पडायला लागला, त्यामागे येनाच्या फ्राउनहोफर संस्थेत वाढलेलं तंत्र आहे. एका मोठ्या लेन्सऐवजी शेकडो चिमुकल्या लेन्स, प्रत्येकीच्या मागे स्वतःचं चिमुकलं चित्र, आणि सगळ्यांची चित्रं जमिनीवर एकावर एक. प्रत्येक लेन्सचं तोंड एवढंसं, त्यामुळे टिकलीही एवढीशी, आणि उजेड मात्र सगळ्यांचा मिळून. मी वर चकती लावून भोक लहान करा म्हटलं, तेव्हा उजेड जात होता ना? ती अडचण यांनी अशी सोडवली. तिरक्या जमिनीसाठी प्रत्येक चित्र वेगळं कापता येतं, ही अजून गंमत. पण ते साचे एका ठरलेल्या चित्रासाठी बनतात, एका मंडळासाठी कोणी करणार नाही.

संगमकाठ

ताई, काका, खूप आभार. वॉशर घातला, खालची कड लेन्सकडे. मुली ओरडल्याच, लांबची नक्षी एकदम उठून आली. ५० ची लेन्स कोल्हापूरहून मागवली आहे. जनरेटर खरंच त्याच गाडीत होता. आता तो मागच्या गाडीत जाईल.

फरशीच्या पोटाला दिवा टांगायचं वेल्डरला पटलं नाही, तो म्हणतो वर बसवू. मी ताईंचं वाक्य त्याला वाचून दाखवलं, "उड्या मारू द्या, मान हलवू देऊ नका". तो म्हणाला हे माझ्या पोराला सांगा. पण करून देतोय.

पावलांचं मात्र कोणी बोललं नाही. आणि पाऊस पडला तर? गेल्या वर्षी चावडी चौकात धो धो होता.

दिवेलागण

पावलं होतात, पण ती गोबोने नाहीत. त्यासाठी तुमच्या मित्राचा व्हिडिओ प्रोजेक्टर कामाला येईल, तेव्हा त्याचा मान राखा.

गाडी पुढे जाते तितक्याच वेगाने चित्र मागे सरकवलं की पाऊल रस्त्यावर स्थिर. मिरवणुकीचा वेग ताशी २ किलोमीटर धरला तर सेकंदाला ५६ सेंटीमीटर. प्रोजेक्टर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे प्रत्येक चित्राला पाऊल ९ मिमी मागे जायचं. डोळ्याला ते सलग दिसतं. हेच ताशी ३० किलोमीटरला केलंत तर प्रत्येक उडी १४ सेंटीमीटरची, मग पावलं फरपटलेली दिसतील. सावकाश चालणारी मिरवणूक या कामाला नशिबाने चांगली.

वेग ओळखायचा कसा? गाडीच्या चाकावर एकच चुंबक लावून मोजलंत तर भागणार नाही. चाकाचा घेर पावणेदोन मीटरच्या जवळपास, आणि तेवढ्या अंतरात एकदाच खबर मिळणार. त्यापेक्षा मागे एक छोटं रबरी चाक जमिनीला टेकवून फिरवा आणि त्याला रोटरी एन्कोडर (चाक किती फिरलं ते बारीक मोजणारा भाग) लावा. कॉलेजच्या पोरांना हे येतं. खबर पोचायला थोडा उशीर झाला तरी घाबरू नका. वेग कायम असेल तर पावलं फक्त थोडी मागे-पुढे उमटतात, हलत नाहीत. गाडी थांबताना आणि निघतानाच ती जरा घसरतील. ड्रायव्हरला सांगा, क्लच हळू.

यातही आकाराची भानगड आहे. दिवा तिरका असल्यामुळे लांबचं पाऊल मोठं आणि वेगाने, जवळचं लहान आणि हळू सरकतं. म्हणून खडूने रस्त्यावर एक चौकोन आखा, मीटर बाय दीड मीटर, आणि सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे चारही कोपरे ओढून त्या चौकोनावर बसवा. एकदा हे बसलं की पावलं सेंटीमीटरमध्ये काढायची आणि सेंटीमीटरमध्येच सरकवायची. आकार आणि वेग दोन्ही एकदम बरोबर येतात. अशा प्रोजेक्टरच्या लेन्सचं तोंड तुमच्या गोबोपेक्षा लहान असतं, त्यामुळे फोकसचा त्रास कमी. साडेतीन मीटरवरून ३००० लुमेनचा प्रोजेक्टर पाच-सहाशे लक्स देईल, आणि रस्त्याच्या दिव्यांचे फार तर तीस. दिसेल. मात्र तो पावसात उघडा ठेवायचा नाही, वर झाकण हवं आणि मागचा पंखा मोकळा हवा.

आता पाऊस. कोरडं डांबर पडलेल्या उजेडातला दहावा हिस्साही परत देत नाही, पण जे देतं ते चारी दिशांना, म्हणून बाजूला उभ्या माणसालाही रांगोळी दिसते. ओल्या डांबरावर पाण्याचा पापुद्रा आरशासारखा वागतो. तिरका आलेला उजेड तसाच पुढे निघून जातो, आणि पुढे कोण? ढोलपथक. बाजूच्या माणसाला चित्र विझल्यासारखं वाटेल आणि पथकाच्या डोळ्यांत मात्र झगझगाट. दिव्याची ताकद वाढवली की झगझगाटच वाढतो. ६० अंशांचा कोन इथे पुन्हा कामाला येतो, कारण बराचसा परावर्तित उजेड पथकाच्या डोक्यावरून जाईल. तरी पथकाच्या शेवटच्या ओळीला तीन-चार मीटर पुढे ठेवा, आणि मिरवणुकीआधी एकदा रस्त्यावर बादलीभर पाणी ओतून, पथकाच्या जागी स्वतः उभं राहून गाडीकडे बघा.

तंबूतला_ऑपरेटर

वेल्डर कुठला आहे? फरशीला भोक पाडायचं असेल तर त्याला म्हणावं, हातोडा-छिन्नी लावू नको, फुटते. पाणी टाकत ड्रिलने पाडायचं, आणि नटखाली रबरी वॉशर. दिवा खाली टांगणार असाल तर मग साखळी एक नाही, दोन.

झगमग_लाइट्स

बॅटरी-इन्व्हर्टर आमच्याकडे भाड्याने आहे. कराडला पोच.